"तो तयारच नाही" : व्यसनात अडकलेल्या माणसाला उपचारांपर्यंत नेताना घरच्यांनी काय करायचे

अलिबाग तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत व्यसनाचा विषय काढा, पाच मिनिटांत एक वाक्य ऐकू येते : "तो तयारच नाही, मग आम्ही काय करणार?" आई हे म्हणते, बायको म्हणते, थकलेला थोरला भाऊ म्हणतो. आणि आपण कार्यकर्तेही मान डोलावून पुढच्या घरी जातो.

या वाक्यात एक गैरसमज दडलेला आहे. तयारी ही माणसाच्या मनात एखाद्या सकाळी आपोआप उगवते आणि मग कायम राहते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती येते आणि जाते. रात्री पडून कपाळाला टाके पडलेला माणूस सकाळी "चला, नेताय तिथे येतो" म्हणतो, आणि दुपारी हात थरथरायला लागले की त्याच तोंडाने "मला काय झालंय?" विचारतो. म्हणजे कुटुंबापुढे कामे दोन. असा होकार लवकर आणि वरचेवर यावा अशा रीतीने घरातले वागणे बदलायचे. आणि होकार आला की त्याच दिवशी दवाखान्याच्या दारात उभे राहता येईल एवढी तयारी आधीच करून ठेवायची. बहुतेक घरांत पहिले काम चुकीच्या पद्धतीने होते आणि दुसरे होतच नाही.

प्रश्नाचा आकार समजण्यासाठी थोडे आकडे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यातल्या सुमारे २.९ कोटी लोकांना तिचे अवलंबित्व आहे, म्हणजे ती सोडणे त्यांच्या एकट्याच्या हातात राहिलेले नाही. अशा ३८ जणांमागे फक्त एकाला कसला ना कसला उपचार मिळाला होता. दवाखान्यात भरती होऊन उपचार मिळालेले १८० मागे एक. उरलेले सगळे 'तयार नव्हते' म्हणून राहिले असे मानायला माझे मन घेत नाही. पुष्कळांच्या घरी कुठे जायचे हेच ठाऊक नव्हते.

मुक्तांगणने काय शिकवले

महाराष्ट्रात या विषयाची गोष्ट पुण्यापासून सांगावी लागते. १९८० च्या दशकात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, मुंबई-पुण्यात पसरली तेव्हा अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी एक लाख रुपये देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. त्याच रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी केंद्राची घडी बसवली. आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर हे काम पाहतात. पुरुषांसाठी पस्तीस दिवसांचा निवासी उपचार आहे, आणि व्यसनात अडकलेल्या स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. आपल्या समाजात स्त्रियांच्या व्यसनाबद्दल अवाक्षर काढले जात नाही, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

आपल्या विषयासाठी मुक्तांगणची महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. तिथे पत्नींचा 'सहचरी' नावाचा गट चालतो. नवऱ्याचा उपचार आणि बायकोचा आधारगट या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि दुसरी गरज पहिलीची वाट पाहत थांबत नाही, हे त्यातून कळते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे 'एए', १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाले. १९५१ मध्ये त्याच्या एका संस्थापकाची पत्नी लोइस विल्सन हिने आणखी एका मैत्रिणीबरोबर घरच्यांसाठी 'ॲल-ॲनॉन' उभे केले, ते याच जाणिवेतून. नवरा सभेत गेला की बाहेर थांबलेल्या बायका एकमेकींशी बोलायला लागल्या, आणि बोलता बोलता त्यांचा गट झाला.

तेव्हा पहिले पाऊल हे : तो येवो न येवो, घरातल्या एकाने समुपदेशकाकडे जायचे. "रुग्णाला आणा, मग बघू" असे कुणी म्हणाले तर दुसरीकडे जायचे. घरच्या माणसाला एकट्यानेही सल्ला मिळू शकतो आणि मिळाला पाहिजे.

वागणे बदलायचे म्हणजे नेमके काय

१९९९ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठातले विल्यम मिलर, रॉबर्ट मायर्स आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या घरचा पिणारा माणूस उपचाराला साफ नकार देत होता अशा १३० जणांना तीन गटांत विभागले होते. एका गटाला ॲल-ॲनॉनची वाट दाखवली. दुसऱ्याला सगळ्या नातेवाइकांनी मिळून त्या माणसाला बसवून खडसावण्याची पद्धत शिकवली. तिसऱ्याला 'क्राफ्ट' नावाचे प्रशिक्षण दिले : घरातले रोजचे वागणे कसे बदलायचे याचे. उपचारांपर्यंत पोहोचलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १३ टक्के, दुसऱ्यात ३० आणि तिसऱ्यात ६४ टक्के निघाले. ॲल-ॲनॉनवर अन्याय नको : पिणाऱ्याला उपचाराला नेणे हा त्यांचा उद्देश कधी नव्हताच. खडसावण्याच्या गटातल्या बहुतेक कुटुंबांना तर ती बैठक घेण्याचे धैर्यच झाले नाही. आपल्याकडे वाडीची बैठक बोलावून, पंचांसमोर उभे करून एखाद्याला झाडण्याची जी रीत आहे, तिचा विचार या आकड्यांच्या उजेडात करून पाहावा.

'क्राफ्ट'चा गाभा साधा आहे. माणूस शुद्धीत असताना घर त्याला हवेहवेसे वाटले पाहिजे आणि प्यायलेला असताना घराने त्याच्यापासून शांतपणे बाजूला व्हायचे. आपल्या घरांत बरोबर उलटे चालते. तो पिऊन आला की सगळे घर त्याच्याभोवती : भांडण, रडणे, शेजारी गोळा होणे, चपला काढणे, जेवण भरवणे. सकाळी शुद्धीत असतो तेव्हा मात्र कुणी तोंड वर करून बघत नाही. म्हणजे लक्ष मिळते ते पिण्याला.

तेव्हा प्यायलेल्या माणसाशी दारूबद्दल बोलायचे नाही. त्या वेळी मुलांना घेऊन दुसऱ्या खोलीत किंवा शेजारच्या घरी जायचे. ज्या संध्याकाळी तो न पिता घरी येईल, त्या संध्याकाळी त्याच्या आवडीचे कालवण करा, सोबत जेवायला बसा, आणि "आज बरं वाटलं" एवढे म्हणा. त्यात कालच्या दिवसाचा टोमणा घालू नका. हे लिहायला सोपे आहे. वीस वर्षे मार खाल्लेल्या बाईला तिखले करून वाढ म्हणणे सोपे नाही, आणि तिच्यावर ते बंधनही नाही. जमेल तिथे, जमेल तेवढे.

दुसरी बाजू सांभाळून घेण्याची. मालकाला फोन करून "त्यांना ताप आहे" सांगणे, देशीच्या दुकानातली उधारी बायकोने धुणीभांडी करून फेडणे, मोडलेली बाइक दुरुस्त करून देणे. हे सगळे प्रेमापोटी होते. पण व्यसनाची किंमत घर भरत राहते, आणि ज्याने भरायची त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही. उधारी फेडणे बंद करा, पण त्याच्या उपचाराचा खर्च मात्र करायची तयारी आहे हे त्याला माहीत असू द्या. खोटे फोन बंद करा. जिवाला धोका असेल तिथे ही कसोटी लावायची नाही. पावसात रस्त्यावर पडलेल्या माणसाला "भोगू दे" म्हणून सोडायचे नाही.

आणि मारहाण होत असेल तर आधी सुरक्षितता, मग उपचार. ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक घरातल्या मोठ्या मुलांनाही पाठ असावेत. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा आहे आणि त्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. "तो वाईट नाही, दारू वाईट" हे बायको म्हणते तेव्हा समजू शकते. कार्यकर्त्याने ते तिला ऐकवू नये.

बोलायचे कधी, कोणी, कसे

वेळ सकाळची, शुद्धीतली. शक्यतो एखाद्या त्रासानंतरची, जेव्हा त्याला स्वतःलाच वाईट वाटत असते. बोलणारा एकच, आणि तो ज्याचे ऐकतो तोच. हा माणूस घरचा कर्ता असेलच असे नाही. धाकटी बहीण असू शकते, मामा असू शकतो, जुना शाळासोबती असू शकतो. बोलणे लहान असावे. बायकोचे बोलणे साधारण असे होऊ शकते :

"अहो, परवा तुम्ही घरात होतात, पोरीचा अभ्यास घेतलात, तेव्हा घर भरल्यासारखं वाटलं. सकाळी तुमचे हात कापतात ते बघून मला भीती वाटते. मी उद्या सिव्हिलला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाणार आहे, माझ्या झोपेसाठी. तुम्ही सोबत याल? दारू सोडायचं वचन मागत नाही. फक्त डॉक्टरांशी एकदा बोला."

यात "तुम्ही दारुडे" नाही, मुलांची शपथ नाही, कायमचे सोडण्याची मागणी नाही. मागणी एका भेटीची आहे. कायमचे सोडायचे म्हटले की घाबरणारा माणूसही एका भेटीला हो म्हणू शकतो. नाही म्हणाला तर वाद घालायचा नाही. "बरं, मी जाऊन येते" म्हणायचे आणि खरोखर जायचे. पुढच्या वेळी पुन्हा विचारायचे.

शपथेआधी डॉक्टर

हा भाग आपल्या वाचकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, वर्षावासाची समाप्ती अशा दिवशी विहारात दारू सोडण्याच्या शपथा होतात. बाबासाहेबांनी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये सतरावी दारू न पिण्याची आहे आणि पंचशीलातले पाचवे शील तेच सांगते. शपथेला माझा विरोध नाही. पण जो माणूस वर्षानुवर्षे रोज सकाळपासून पितो, त्याने एका दिवसात, घरीच, डॉक्टरांविना दारू बंद करणे जिवावर बेतू शकते, हे शपथ देणाऱ्यांना ठाऊक असले पाहिजे.

अशा शरीराला दारूची सवय झालेली असते. ती अचानक थांबली की काही तासांत हात कापतात, घाम सुटतो, मळमळते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भास होतात : भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे बोलतात, दिवस-रात्र कळेनाशी होते, ताप चढतो. वैद्यकशास्त्रात याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावू शकतो. वाडीत याला 'बाहेरचे लागले' म्हणणारे अजूनही भेटतात आणि ज्या रात्री १०८ ची रुग्णवाहिका बोलवायची ती रात्र भगताकडे जाते. दवाखान्यात मात्र हे पाच-सात दिवस गोळ्या, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने आणि देखरेख यांवर बहुतेकांचे निभावून जातात. म्हणून खोलीत कोंडून दारू तोडण्याचा घरगुती प्रयोग करायचा नाही. शपथ घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना भेटून आल्यावर घ्यावी. पूर्वी फिट आलेली असेल, तर भरती झाल्याशिवाय दारू थांबवूच नये.

पाचव्या शीलाबद्दल आणखी एक. शीलाला 'सिक्खापद' म्हणतात, म्हणजे शिकण्याचा नियम, स्वतःहून अंगीकारलेला. भिक्खूंसाठी मद्यपानाचा नियम कसा झाला, ती कथा विनयपिटकात आहे. सागत नावाच्या भिक्खूने एका उग्र नागाला नमवले. त्याचा गौरव म्हणून कोसंबीच्या उपासकांनी घरोघरी त्याला मद्य दिले. नगरातून बाहेर पडताना तो वेशीपाशी कोसळला. बुद्धांनी त्याला तिथे पडलेले पाहिले, तेव्हा भिक्खूंना सांगून आधी उचलून विहारात आणवले. नियम त्यानंतर झाला. पाजणारे लोक दुष्ट नव्हते, आदराने पाजत होते, हेही त्या कथेत आहे. आपल्याकडे हळदीच्या रात्री "आजच्या दिवस घे रे" म्हणणारेही दुष्ट नसतात. व्यसनात अडकलेल्या माणसाला "पाचवे शील मोडणारा" म्हणून वंदनेच्या रांगेतून बाजूला करणारे मंडळ मी पाहिले आहे. त्यानंतर तो माणूस विहाराच्या रस्त्यानेही जात नाही, आणि आपल्या हातातली एक वाट बंद होते.

दोन गोष्टी करायच्या नाहीत

"रुग्णाला न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती रेल्वेच्या डब्यात, भिंतींवर, आता मोबाइलवरही दिसतात. चहात, भाजीत मिसळायची पावडर किंवा गोळी. त्यात पुष्कळदा काय आहे हेच सांगितलेले नसते. डायसल्फिराम नावाचे एक खरे औषध आहे, त्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी मृत्यू येतो. म्हणूनच ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. चोरून देणे म्हणजे त्याला न सांगता विषाशी खेळायला लावणे आहे. आणि त्याला कळले, की घरातल्या अन्नावरचा त्याचा विश्वास जातो.

दुसरी गोष्ट : पैसे भरले की चार माणसे गाडी घेऊन येतात, रात्री माणसाला उचलतात आणि कुठल्यातरी 'केंद्रात' सहा महिने ठेवतात. मारहाण, बांधून ठेवणे, घरच्यांना भेटू न देणे, असे अनुभव सांगणारे लोक आपल्या आसपासच आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाशी जोडलेले मानसिक विकार येतात. म्हणजे अशा रुग्णाला भरती करणारे केंद्र या कायद्याखाली नोंदणीकृत असले पाहिजे. साखळीने बांधणे या कायद्याने निषिद्ध आहे. सज्ञान माणूस स्वतःच्या विनंतीवरून भरती होतो, हा नेहमीचा मार्ग. त्याच्या इच्छेविरुद्ध भरती करायची तर अटी कडक आहेत : त्याने नुकतेच स्वतःला किंवा इतरांना इजा केलेली किंवा तशी धमकी दिलेली असणे, अथवा स्वतःची काळजीच घेता येत नाही अशी अवस्था, नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज, एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि आणखी एका तज्ज्ञ किंवा डॉक्टराने स्वतंत्रपणे केलेली तपासणी. अशी भरतीही सुरुवातीला तीस दिवसांपर्यंतच. नुसत्या बायकोच्या किंवा बापाच्या सहीवर महिनोन्महिने कोंडून ठेवणे यात बसत नाही.

हा 'नामनिर्देशित प्रतिनिधी' कागदावर आधीच ठरवता येतो. साध्या कागदावर, सहीने किंवा अंगठ्याने, शुद्धीत असताना. "मला काही झालं तर दवाखान्यात माझ्या वतीने माझी बहीण बोलेल", एवढा त्याचा आशय. चांगल्या दिवसात हा कागद करून घ्या. सगळे भाऊ एकमेकांकडे बोट दाखवत बसतात तेव्हा तो उपयोगी पडतो.

केंद्र निवडताना तिथे स्वतः जाऊन यावे आणि सरळ विचारावे : नोंदणी क्रमांक काय, मानसोपचारतज्ज्ञ कधी येतात, रात्री फिट आली तर काय करता, घरच्यांना कधी भेटता येते, एकूण खर्च किती आणि सुटी झाल्यावर पुढे काय. "आत यायला परवानगी नाही" म्हणणाऱ्या ठिकाणी माणूस ठेवू नये.

गांजा, एमडी आणि पोलिसांची भीती

२०२३ च्या पावसाळ्यात रायगडच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटे वाहून आली होती, तेव्हा बातम्या झाल्या. पोरांच्या खिशातल्या पुड्यांच्या बातम्या होत नाहीत. मेफेड्रोन, म्हणजे एमडी, २०१५ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. तिच्यासाठी दारूसारखी ठरावीक गोळ्यांची वाट नाही. झोप, संशय, चिडचिड, नैराश्य यांवर औषधे आणि मुख्यतः समुपदेशन, तेही बरेच महिने. आईबाप दवाखान्यात जात नाहीत ते पोलिसांच्या भीतीने. ओपीडीत उपचाराला गेले म्हणून गुन्हा दाखल होत नाही, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-ए नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा दाखल असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. मुलगा अडकलाच असेल तर वकिलाला हे कलम आठवणीने विचारा.

होकार आला : आता कुठे?

अलिबागकरांसाठी सुरुवातीचे ठिकाण जिल्हा सामान्य रुग्णालय, आपले सिव्हिल. आता त्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही जोडलेले आहे. मानसोपचार ओपीडी कोणत्या दिवशी, किती वाजता, भरतीसाठी खाट असते का, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. तो हो म्हणाल्यावर चौकशी सुरू केली तर तोवर त्याचे हो सरते. घरबसल्या दोन फोन : १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन, आणि १४४१६ म्हणजे 'टेली-मानस', जी ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि मराठीत बोलते. सरकारी अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रे कुठे आहेत हे पहिल्या क्रमांकावर विचारता येते.

पुढे पाठवायची वेळ आली तर मुंबईत केईएमसारखी मोठी रुग्णालये, ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय, वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेले कृपा फाउंडेशन, आणि पुण्यात मुक्तांगण. रस्ता आधी ठरवा. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात. मग रो-रो किंवा वडखळवरून गाडी. थरथरणाऱ्या माणसाला घेऊन एसटीच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा वाडीतली कुणाची गाडी मिळेल, पहाटे चारलाही कोण येईल, हे ठरलेले बरे. पिशवी भरलेली असावी : आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने रिपोर्ट, चालू गोळ्या, दोन जोड कपडे. आणि एक चिठ्ठी, ज्यावर शेवटचे कधी प्यायला, रोज किती (किती क्वार्टर, देशी की माडी), पूर्वी फिट किंवा भास झाले होते का, हे लिहिलेले. डॉक्टरांना ही चिठ्ठी घरच्यांच्या अर्ध्या तासाच्या कहाणीपेक्षा जास्त कामाची असते.

इथे मंडळांना, बौद्धजन पंचायतीच्या शाखांना, मुंबईकर मंडळींना काम आहे. व्यसनमुक्तीच्या रॅलीचा बॅनर दरवर्षी छापला जातो. त्याच पैशात दोन माणसांच्या प्रवासाची आणि पहिल्या आठवड्याच्या औषधांची सोय होते. रोजंदारीवरचा माणूस महिनाभर भरती झाला की घरात चूल कशी पेटणार, या भीतीने बायकाच कधीकधी "नको, राहू द्या" म्हणतात. त्या महिन्याचे तांदूळ-डाळ मंडळाने बघितले तर उपचाराचा अर्धा अडसर दूर होतो. जोडीला जाणारा एक कार्यकर्ता हवा, ज्याला तोंड बंद ठेवता येते. सुटी होऊन आलेल्या माणसाचा हार घालून फोटो स्टेटसला टाकायचा नाही.

परत आल्यावर

डिस्चार्ज म्हणजे उपचाराचा पहिला टप्पा संपला, एवढेच. त्यानंतर औषधे, ठरल्या तारखांच्या भेटी आणि एएसारखी सभा किंवा फॉलोअपचा गट. एएला फी नसते; दारू थांबवण्याची इच्छा एवढीच अट. पुन्हा घसरण होऊ शकते, अनेकांची होते. ती झाली की "पैसे वाया गेले" म्हणून हात झटकायचे नाहीत. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे परत न्यायचे. मधुमेहाच्या माणसाची साखर वाढली तर आपण त्याचे इन्सुलिन बंद करत नाही. अफू-गर्दच्या रुग्णाबद्दल जास्त सावध राहावे लागते, कारण काही आठवडे बंद राहिल्यावर पूर्वीइतकाच डोस घेतला तर तो जीवघेणा ठरू शकतो.

घरी येण्याआधी समुपदेशकासोबत बसून पुढचे तीन महिने बोलून घ्यावेत. अलिबागमध्ये हे बोलणे फार ठोस असते. आपली कितीतरी पोरे पर्यटकांच्या कॉटेजवर, शेतघरांवर माळी, वॉचमन, वाढपी म्हणून आहेत. शनिवार-रविवारी आलेले पाहुणे निघताना उरलेल्या बाटल्या बक्षीस म्हणून त्यांच्याच हातात ठेवतात. तीस दिवस भरती राहून आलेला माणूस सोमवारी सकाळी त्याच खोल्या झाडायला जाणार असेल, तर त्या बाटल्यांचे काय करायचे, मालकाला काय सांगायचे, खोल्या आवरायचे काम निदान काही महिने दुसऱ्या कुणाला देता येईल का, हे डिस्चार्जच्या आधी ठरलेले असले पाहिजे. लग्नसराईत हळदीला जायचे की नाही, ३१ डिसेंबरच्या रात्रपाळीला कोण, पगार कुणाच्या खात्यावर, हेही. आणि हे ठरवताना तो माणूस स्वतः त्या खोलीत बसलेला हवा.